डिझाइनच्या पुरस्काराच्या चिन्हावर गिऱ्हाईक विश्वास का ठेवतं? आणि आपल्या चादरीचं काय?

सूतगुंडी

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही तरुण चादर-टॉवेल कारखानदारांमध्ये सध्या एक विचार चालू आहे. सोलापुरात विणलेल्या, स्वतःच्या डिझाइनच्या चांगल्या मालासाठी आपलं एक निवडचिन्ह काढायचं. दरवर्षी परीक्षकांनी माल बघायचा, निवडला गेला त्याला चिन्ह लावायची परवानगी. मी त्यातल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते, त्यामुळे लोगो माझ्याकडे आला. लोगो निघेल हो. पण तो पाकिटावर दिसला म्हणून पुण्याच्या किंवा हुबळीच्या बाईने त्यावर विश्वास का टाकावा, हे मला आधी नीट समजून घ्यायचं आहे.

जगात अशी चिन्हं आहेत आणि त्यातली बरीचशी १९५० च्या दशकातली आहेत. जर्मनीत हॅनोव्हरचं आयएफ १९५३ चं, एसेनच्या रेड डॉटची सुरुवात १९५५ ची. लंडनच्या हेमार्केटमध्ये डिझाइन सेंटर उघडलं १९५६ साली आणि तिथे निवडलेल्या वस्तूंना त्रिकोणी लेबल लागायचं. हा योगायोग नाही. युद्ध संपलं होतं, कारखाने भराभर माल काढत होते, आणि ओळखीचा कारागीर किंवा दुकानदार ज्याच्या मागे उभा नाही अशा वस्तू लोक पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात घेत होते.

मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा वाटतो तो जपानचा जी-मार्क. जपानी कारखाने युरोप-अमेरिकेतल्या वस्तूंची हुबेहूब नक्कल करून स्वस्तात निर्यात करतात, अशा तक्रारी त्या काळात होत होत्या आणि ब्रिटनसारख्या देशांनी त्या सरकारी पातळीवर नेल्या होत्या. नक्कल करणाऱ्याला शिक्षा करून निम्मंच काम होतं. स्वतः डोकं चालवणाऱ्याला बाजारात काही फायदा दिसायला हवा होता. म्हणून १९५७ साली तिथल्या व्यापार-उद्योग मंत्रालयाने चांगलं आणि स्वतःचं डिझाइन असलेल्या वस्तू निवडायला सुरुवात केली. निवडलेल्या वस्तूवर लागणारं जी हे अक्षर युसाकु कामेकुरा यांनी रेखाटलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं लाल सूर्याचं बोधचिन्ह त्यांचंच. १९९८ पासून हे काम सरकारकडून डिझाइन-प्रसार करणाऱ्या संस्थेकडे गेलं.

म्हणजे त्या चिन्हाचा जन्म कौतुकातून झालेला नाही, तक्रारीतून झालेला आहे. आणि ही तक्रार आपल्याला परकी नाही. बाहेरचे कारखाने आपल्या चादरीची नक्कल करतात म्हणून आपण ओरडतो, आणि इथे एकाचं डिझाइन चाललं की थोड्याच दिवसांत तेच शेजारच्या मागावर दिसतं, याबद्दल मात्र गप्प बसतो. माझं मत असं की चिन्हाला विश्वास मिळतो तो आपल्याच माणसाला 'नाही' म्हणण्यातून. जे चिन्ह मागेल त्याला मिळतं, ते पाकिटावरच्या फुलाइतकंच राहतं.

तुमचे अनुभव लिहा. दुकानदार, कारखानदार, गिऱ्हाईक, सगळ्यांचे हवे आहेत.

बाळीवेस

सूतगुंडी ताई, दुकानदाराच्या बाजूने सांगतो. माझं गिऱ्हाईक निम्मं गावातलं आणि निम्मं देवदर्शनाचं. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर करून माणसं सोलापुरात उतरतात आणि जाताना चादर घेतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "ओरिजिनल सोलापुरी आहे ना?" आता गंमत नाही, खरंच सांगतो, दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर 'अस्सल सोलापुरी' छापलेलं असतं. बाहेरच्या गावात विणलेल्या मालावरही असतं. त्यामुळे ते शब्द कुणी वाचतच नाही. माणूस माझ्या तोंडाकडे बघतो.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळालेला आहे, देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी त्या आहेत. २०१८ साली सरकारने सगळ्या जीआय मालासाठी एक सामाईक लोगोही काढला. तरी काउंटरवर त्याबद्दल विचारणारा विरळा. का? मला वाटतं, त्या चिन्हाने आपल्याला काय वचन दिलंय हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलंच नाही. ते सांगतं की माल कुठला आहे. गिऱ्हाइकाला वाटतं की ते माल चांगला असल्याचं सांगतं. मग एखादी चादर पहिल्या धुण्यात रंग सोडते आणि राग जातो जीआयवर, ज्याने रंगाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या चिन्हाखाली एक ओळ मराठीत छापा. काय तपासलं ते.

माहेर_सोलापूर

बाळीवेस दादा, अगदी मनातलं बोललात.

मी आता नाशिकला असते. सोलापुरात असताना चादर घ्यायची तर आई ती उलगडून उजेडात धरायची, मागची बाजू बघायची, काठाचं सूत ओढून बघायची. दोन्ही बाजूंनी नक्षी स्वच्छ उठली आहे का, हे तिला बोटांनी कळायचं. आईला कुठल्याच चिन्हाची गरज नव्हती. मला आहे. मी मोबाइलवर फोटो बघून मागवते. फोटोत वजन कळत नाही, सूत कळत नाही, धुतल्यावर काय होईल ते तर दुकानातही कळत नाही.

म्हणून मला असं वाटतं की चिन्हाचं खरं काम तिथे सुरू होतं जिथे माझा हात पोचत नाही. रंग आवडला की नाही हे मी ठरवेन, त्यासाठी परीक्षक नकोत. पण दहा धुण्यांनंतर ती चादर माझ्या पलंगाला पुरेल का, एका कोपऱ्यातून आखडेल का, हे मला आधी सांगणारं कुणीतरी हवंय. डिझाइनचा पुरस्कार म्हणजे नुसती नक्षी सुंदर एवढंच असेल तर मी त्यासाठी पन्नास रुपये जास्त देणार नाही. चांगल्या डिझाइनमध्ये टिकणं धरलेलं असेल तर देईन.

रापिअर

काय की हो, मला यातलं निम्मं पटतंय आणि निम्मं नाही.

आधी पैशाचं बोलू. मागे मला एका परदेशी पुरस्काराचं पत्र आलं. तुमचा टॉवेल निवडलाय, अभिनंदन. मी तर अर्जच केला नव्हता! खाली लिहिलेलं: चिन्ह वापरायचं तर एवढी रक्कम, प्रमाणपत्राची एवढी, पुस्तकात फोटो छापायची एवढी. मी सोडून दिलं. पण ज्याने पैसे भरले असतील त्याच्या पाकिटावर ते चिन्ह आज आहे, आणि गिऱ्हाईक त्याला मान देतंय. मग नावाजलेल्या पुरस्कारांमध्ये आणि यात फरक काय? तेही फी घेतात असं ऐकतो.

दुसरं, नक्कल. ताई, तुम्ही म्हणता तसं शेजारच्या मागावर डिझाइन जातं, खरंय. पण मोर कुणाचा? कमळ कुणाचं? चौकटीची बुट्टी कुणाची? आमच्या आजोबांच्या वेळेपासून जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या यंत्रावर, मोर चढतोय. उद्या एकाने मोराला चिन्ह घेतलं तर बाकीच्यांनी मोर विणायचा नाही का?

सूतगुंडी

रापिअर दादा, दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत.

फी सगळेच घेतात. आयएफ, रेड डॉट, जी-मार्क, सगळीकडे प्रवेशशुल्क असतं आणि जिंकल्यावरही पैसे भरावे लागतात. परीक्षक आणायचे, माल मांडायला जागा घ्यायची, कार्यालय चालवायचं, हे फुकट होत नाही. त्यामुळे फी आहे म्हणून चिन्ह खोटं, असं मी म्हणणार नाही. मी एवढंच बघते की संस्थेला 'हो' म्हणण्यात 'नाही' म्हणण्यापेक्षा किती जास्त पैसे मिळतात. नाकारलेल्याकडून थोडे आणि निवडलेल्याकडून भरपूर येत असतील, तर 'हो' म्हणायचा मोह रोजचा होतो. तुम्हाला पत्र पाठवणाऱ्यांनी तर नाकारायचं खातंच ठेवलेलं नव्हतं. आपल्याकडे तपासणीची फी सगळ्यांना सारखी ठेवावी आणि निवड झाल्यावर एक पैसाही घेऊ नये, असं मी सुचवणार आहे. छपाईचा खर्च ज्याचा त्याने करावा.

मोर सगळ्यांचा. कुणी त्यावर हक्क सांगायचा नाही, सांगितला तर परीक्षकांनी हसतमुखाने परत पाठवावं. पण मोर कसा मांडला, काठ आणि अंग यांचं नातं काय, ताण्याचा म्हणजे उभ्या धाग्याचा रंग बाण्यातून, आडव्या धाग्यातून, किती दिसू दिला, जेकार्डला नक्षी सांगणारे भोकांचे पत्ते कसे रचले, ही मांडणी एकाची असते. डिझाइन कायदा २००० खाली नवीन मांडणीची नोंद करता येते, संरक्षण १० वर्षांचं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतं. अट एकच कडक आहे, माल बाजारात दाखवायच्या आधी अर्ज हवा. आपल्याकडे आधी पेठेत नमुना फिरतो, मग चालला तर नोंदणीचा विचार. तोवर उशीर झालेला असतो.

कोबेकर

सोलापूरचाच आहे, सध्या जपानमध्ये नोकरी करतो. जी-मार्कबद्दल थोडी भर.

इथे तो घरातल्या वस्तूंच्या खोक्यावर दिसतो, पण त्याचा पसारा आता फार मोठा झालाय. इमारती, सेवा, सामाजिक उपक्रम, सगळ्यांना तो मिळतो. २०१८ चा सर्वोच्च पुरस्कार एका वस्तूला नव्हे तर बौद्ध मंदिरांच्या उपक्रमाला मिळाला. मंदिरात देवापुढे ठेवलेला खाऊ गरीब घरातल्या मुलांपर्यंत पोचवण्याची ती व्यवस्था आहे. मला त्या निवडीचं फार कौतुक वाटलं. मंदिरात खाऊ जास्त होतो, मुलांना कमी पडतो, दोन्ही गोष्टी आधीपासून होत्या. त्यांची जोडणी करणं हेच डिझाइन, असं परीक्षकांनी मानलं.

पण दरवर्षी हजाराहून जास्त गोष्टींना चिन्ह मिळतं, तेव्हा हाही प्रश्न पडतो की भात शिजवायच्या कुकरवर आणि मंदिराच्या उपक्रमावर एकच अक्षर असेल तर ते नक्की काय सांगतं? माझ्या बघण्यात, लोक आजही त्याला मानतात त्याचं मोठं कारण जुनी पुण्याई आहे. सुरुवातीच्या वर्षांत निवडलेल्या वस्तू लोकांच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि टिकल्या. आईच्या घरात जी वस्तू चांगली चालली तिच्यावर ते अक्षर होतं, एवढी आठवण पुरते.

आणखी एक गोष्ट सोलापूरला उपयोगी पडेल. इथे दीर्घायू डिझाइनसाठी वेगळा पुरस्कार आहे. किमान १० वर्षं बाजारात असलेल्या आणि लोक अजून वापरत असलेल्या वस्तूंनाच तो मिळतो. नवीन काही नाही, चकचकीत काही नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत वीस-वीस वर्षांच्या चादरी आहेत. त्यांना कधी कुणी पुरस्कार दिलाय का?

माहेर_सोलापूर

कोबेकर, माझ्या लग्नातली चादर अजून वापरात आहे! काठ विरलाय, नक्षी शाबूत. हा विभाग नक्की ठेवा. लोकांनी घरून जुन्या चादरी आणाव्यात आणि कारखान्याने त्या ओळखाव्यात.

मुद्रांकित

बौद्धिक संपदेच्या कामात आहे, म्हणून कायद्याची बाजू लिहितो. इथेच पुष्कळ चांगले प्रयत्न अडकतात.

व्यापारचिन्ह कायदा १९९९ मध्ये तुम्हाला दोन वाटा आहेत. एक समूहचिन्ह. संघटनेच्या नावावर नोंद होते आणि सभासद आपापल्या मालावर ते लावतात. त्यातून कळतं की हा माणूस या संघटनेचा आहे. दुसरी वाट प्रमाणचिन्हाची. त्यातून कळतं की हा माल ठरलेल्या कसोटीला उतरला आहे. दोन्ही पाकिटावर सारखीच दिसतात, पण वचन निराळं.

प्रमाणचिन्हाच्या बाबतीत कलम ७० स्पष्ट आहे: जो त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करतो त्याच्या नावावर ते नोंदवता येत नाही. शिवाय कोणत्या अटींवर चिन्ह देणार, कुणाला नाकारणार, अपील कुठे करायचं, याची नियमावली निबंधकांकडे दाखल करावी लागते आणि ती कुणालाही बघता येते. सूतगुंडी ताई जे 'नाही' म्हणण्याबद्दल लिहितात, त्याची कायद्यातली जागा ही. चादर विकणाऱ्यांनी मिळून चादरीला प्रमाणपत्र द्यायचं म्हटलं तर कायदाच थांबवतो, आणि योग्यच करतो. चिन्हाची मालकी वेगळ्या संस्थेकडे हवी. वस्त्र महाविद्यालय चालवणारी एखादी संस्था असेल किंवा विश्वस्त निधी, पण तिचा माग नसावा आणि दुकानही नसावं.

एक खबरदारी. चिन्ह मिळालं २०२५ च्या टॉवेलला आणि कारखान्याने ते छापलं सगळ्या टॉवेलांवर, हे सर्रास होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते, आणि केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. चिन्हाबरोबर मालाचा क्रमांक आणि वर्ष छापणं सक्तीचं करा.

बाळीवेस

क्रमांकाचं मुद्रांकित साहेबांनी बरोबर सांगितलं. सराफाकडचं उदाहरण घ्या. हॉलमार्क २००० सालापासून आहे, पण २०२१ पासून दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आला आणि बायका आता दुकानातच मोबाइलवर बीआयएस केअर अॅप उघडून तो टाकून बघतात. सराफाच्या तोंडावर! ज्या चिन्हाला उलट प्रश्न विचारता येतो त्याचा दरारा वेगळाच असतो. रेशमाच्या सिल्क मार्कलाही लेबल तपासायची सोय आहे, पैठणी घेणारी गिऱ्हाइकं ते बघतात.

आपल्या चादरीवर तसा कोड लावला आणि उघडल्यावर कारखान्याचं नाव, निवडीचं वर्ष, सूत, वजन, धुलाईचा निकाल एवढं मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत आलं, तर मी स्वतः काउंटरवर उघडून दाखवीन.

रापिअर

मुद्रांकित साहेब, हे कलम ७० आधी कुणी सांगितलं असतं तर आमच्या चार बैठका वाचल्या असत्या. आम्ही कारखानदारच परीक्षकांत बसणार होतो.

एक शंका. हातमाग-चिन्ह २००६ पासून आहे, ते आम्हाला लागू नाही कारण आमचा यंत्रमाग. बरोबर आहे, तक्रार नाही. पण त्यामुळे लोकांच्या डोक्यात असं बसलंय की हाताचं तेवढं चांगलं आणि यंत्राचं म्हणजे हलकं. आमच्याकडे रात्रपाळीला उभा राहणारा विणकर तुटलेला धागा आवाजावरून ओळखतो. त्याच्या कामाला मान देणारं चिन्ह कुठलं? कारखान्याचं नाव छापणार असाल तर विणकराचं आणि पत्ते पंच करणाऱ्याचंही छापा. पूर्व भागातल्या कितीतरी पद्मशाली घरांत तिसरी-चौथी पिढी हे काम करतेय आणि पाकिटावर त्यांचं नाव कधी आलेलं नाही.

सूतगुंडी

दादा, हे मी सगळ्यात वर लिहून घेतलं.

आतापर्यंतच्या चर्चेवरून मसुद्यात काय घालणार ते सांगते. मालकी कारखानदारांच्या बाहेरच्या संस्थेकडे. परीक्षकांमध्ये एक विणकामातला जाणकार, एक डिझाइनर, एक दुकानदार आणि किमान दोन गृहिणी. धुलाईचा निकाल प्रयोगशाळेचाच, डोळ्यांनी बघून नाही. रंगाचा पक्केपणा १ ते ५ अशा श्रेणीत मोजतात, ५ सगळ्यात पक्का. आपण किमान श्रेणी ठरवून ती जाहीर करायची. आखडण्याची टक्केवारीही पाकिटावर.

आणि ज्यावर मी अडून बसणार आहे ते हे: परीक्षकांपुढे येणारा नमुना कारखान्याने निवडून पाठवायचा नाही. निवड झाल्यावरही वर्षभरात कधीही, न सांगता, दुकानातून माल विकत घेऊन पुन्हा तपासायचा. नापास झाला तर चिन्ह काढून घ्यायचं आणि ते संकेतस्थळावर लिहायचं. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येकाचा माल उत्तम असतो. गिऱ्हाईक घेतं तो माल नंतरच्या महिन्यांतला असतो, आणि त्या महिन्यांत सुताचा भाव वाढलेला असतो.

कोबेकर

काढून घेतलेली चिन्हं जाहीर करायला आपल्या गावात धाडस लागेल. सगळे एकमेकांचे नातेवाईक, शेजारी. पहिल्या वेळी कुणाचं तरी मन मोडणार हे धरून चला.

माहेर_सोलापूर

मोडू दे. गिऱ्हाइकाचं मन दर धुण्यात मोडतंय, त्याचं कुणी जाहीर करत नाही.

गृहिणी परीक्षक घेणार असाल तर एकत्र बसवून दहा मिनिटांत चादरी दाखवू नका. महिनाभर घरी वापरायला द्या. लहान मूल असलेल्या घरात एक, म्हातारं माणूस असलेल्या घरात एक. सासूबाईंना जड चादर पेलत नाही, हे मला त्या अंथरुणाला खिळल्यावर कळलं. वजन जास्त म्हणजे माल भारी, असं सोलापुरात मानतात. प्रत्येकासाठी ते खरं नाही.

मुद्रांकित

उत्तम सूचना. नियमावलीत 'घरगुती वापर चाचणी' असं कलम घालता येईल. मसुदा तयार झाला की पाठवा, कायद्याच्या नजरेने बघून देतो, त्याचे पैसे नकोत.

रापिअर

ताई, काल रात्री कारखान्यात सगळ्यांशी बोललो. दोघं नाराज आहेत, न सांगता तपासणी नको म्हणतात. त्यांना समजावतोय. माझ्यापुरतं सांगतो: मी समितीतून बाहेर पडतो आणि माझा माल परीक्षेला पाठवतो. दोन्ही एकदम होणार नाही हे कळलं. सुरुवात टॉवेलपासून करा. त्यात मोराचा वाद नाही, पाणी किती शोषतो आणि किती आखडतो हे मोजता येतं. चादर दुसऱ्या वर्षी घ्या, तोपर्यंत नक्कल कशाला म्हणायचं यावर पेठेत आणि एमआयडीसीत बसून बोलू.

माझे टॉवेल बाळीवेस यांच्या दुकानात आहेत. कुठलाही उचला.

सूतगुंडी

दादा, आभार. बाळीवेस दादा, पुढच्या आठवड्यात दुकानात येते. पावती माझ्या नावाने नको, संस्थेचं नाव ठरलं की त्या नावाने करा. घरगुती चाचणीसाठी सोलापुरातली घरं हवी आहेत. घरात कोण कोण आहे आणि पाणी बोअरचं की नळाचं, एवढं लिहून मला इथेच व्यक्तिगत निरोप पाठवा. बोअरच्या जड पाण्याने टॉवेल लवकर कडक होतो, म्हणून दोन्ही प्रकारची घरं लागतील.